अंगठ्याची शिकवण

(गणेशोत्सवातील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



गणपतीच्या मांडवात मी मासेमारीच्या रीलवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. रामघाटावरील आमच्या घरी २००४ साली तेच झाले. मुंबईचे मामा पवई तलावावर गळ टाकायला जात. त्यांनी आपला जुना रॉड आणि बेटकास्टिंग रील मला दिले. ते पाहताच आमचे अण्णा म्हणाले, "रामघाटावर राहून मासे मारणार तू?" मी म्हणालो, "अण्णा, गळ लावणारच नाही. नुसते फेकायला शिकणार." त्यावर दोन दिवस अण्णांनी अबोला धरला.

तसेही घाटावर गळ टाकणे नियमात बसत नव्हते. रामनगरचा किल्ला ते राजघाटचा मालवीय पूल हा गंगेचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ पासून कासव अभयारण्य होता आणि रामघाट त्यातच येतो. शिवाय स्नान करणाऱ्यांच्या डोक्यावरून वजन फेकणे बरे नव्हे. म्हणून मी नावेने पलीकडच्या रेतीवर गेलो, दोऱ्याला पंधरा ग्रॅमचे शिशाचे वजन बांधले, वीस पावलांवर घमेले ठेवले आणि फेकले. वजन चार हातांवर पडले आणि रीलमध्ये दोऱ्याचा असा गुंता झाला की सोडवता सोडवता सूर्य कलला!

हे का होते ते सांगतो. साध्या रीलमध्ये फेकताना चक्री स्थिर असते, दोरा तिच्यावरून नुसता सुटतो. बेटकास्टिंगमध्ये चक्री स्वतःच फिरते. वजन हवेत मंदावते, पण चक्री आपल्या वेगात फिरतच राहते. जास्तीचा दोरा आतच साठतो आणि गुंततो. बाजूची कळ आवळली तर गुंता होत नाही, पण वजनही लांब जात नाही.

आठवडाभर हेच चालले. शेवटी गच्चीत गुंता सोडवत बसलो असताना अण्णा जवळ आले. म्हणाले, "अरे, लहानपणी तू पतंग उडवायचास तेव्हा परेता मीच धरायचो ना? ढील देताना परेता मोकाट सोडत होतो का? बोट टेकलेले असायचे. दाबायचे नाही, उचलायचेही नाही."

बस्स! दुसऱ्या दिवशी अंगठा चक्रीवर अलगद ठेवला. अंगठा उचलल्यावर वजन सावकाश उतरेल आणि जमिनीला टेकताच चक्री थांबेल, एवढीच कळ आवळली. आधी घाटाकडे तोंड करून फेकत होतो, तेव्हा पछुआ वारा समोरून येई. आता वाऱ्याकडे पाठ केली. वजन रेतीला टेकण्याआधी क्षणभर अंगठा पूर्ण दाबला. घमेले चुकले, पण गुंता झाला नाही. घमेल्यात पहिला ठण्ण आवाज व्हायला मात्र महिना लागला.

हे यंत्र सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील केंटकीत जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने प्रथम घडवले, असे मानतात. अण्णांना हे सांगितले, तर त्यांनी मला आणखी मागे नेले. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात गळाने मासे धरण्याचे प्रकरणच आहे. त्याला 'मत्स्यविनोद' म्हणतात. एवढे सांगून अण्णा हसले, "पण तो राजाचा विनोद, आपला नव्हे हो!"

आज अण्णा नाहीत. २०२० साली अभयारण्याची अधिसूचनाही मागे घेतली गेली. तरी अण्णांना दिलेला शब्द मी पाळतो. रेतीवर मुलांना शिकवतो ते गळाविना, घमेल्यातच.

इथे बसलेल्या पालकांना एवढेच सांगेन. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी जातात. दोरा लांब जाऊ द्या. अंगठा फक्त टेकलेला असू द्या. आणि युवकांनो, तो अंगठा जाचक वाटला तर एकदा रेतीवर या. गुंता सोडवायला बसलात की त्याची किंमत कळेल.

गणपती बाप्पा मोरया!