भांडे घासावे, नाणे घासू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही बोलायचं" असे सांगितले तेव्हा मला घामच फुटला. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून जे बिघडलं तेच सांगा. बाकीच्यांचं तरी वाचेल." म्हणून जुन्या तांब्याच्या नाण्यांविषयी चार शब्द सांगते.

आमच्या घरी सासूबाईंच्या माहेरची एक शिवराई होती. शिवाजी महाराजांनी १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हापासूनचे हे तांब्याचे नाणे. एका अंगाला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. पुढे पेशवाईतही शिवराया पाडत, म्हणून त्या अजून पुष्कळ घरांतल्या देव्हाऱ्यांत सापडतात. आमची शिवराई नवरात्रात कलशात घालीत असू. सासूबाई डोळ्यांनी अधू. त्या नाण्यावरून अंगठा फिरवीत, 'श्री' हाताला लागला की हसत आणि मग ते माझ्या हाती देत.

२०१९ सालच्या नवरात्रापूर्वी मी तांब्यापितळेची भांडी घासायला काढली. चिंच, मीठ आणि राख घेऊन बसले होतेच. मनात आले, शिवराईही घासून टाकू. चांगली खसखसून घासली. नाणे नव्यासारखे गुलाबी झाले आणि मी खूष झाले. घटाच्या दिवशी सासूबाईंच्या हाती दिले. त्यांनी अंगठा फिरवला, उलटे करून पुन्हा फिरवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, ही आपली नव्हे." मी म्हटले, "आई, आपलीच आहे. घासली फक्त." त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. ती चकाकीही टिकली नाही, थोड्याच दिवसांत नाण्यावर काळे डाग पडले.

आमच्या आळीत एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना नाणी जमवण्याचा नाद. मी रडवेली होऊन त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, भांडं आपण वापरतो, ते घासायलाच हवं. नाणं वाचायचं असतं." तांब्यावर वर्षानुवर्षांनी जो तपकिरी किंवा गर्द हिरवा थर चढतो, तो मळ नव्हे. ती त्याची कातडी. अक्षरे पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांच्या आंबटाने तो थर विरघळतो, राखेने उरलेली अक्षरे झिजतात आणि मीठ तर तांब्याचा वैरीच. मी तिन्ही एकदम केले होते!

त्याच सुमारास माळ्यावरच्या एका गाडग्यात सासूबाईंनी ठेवलेली आणखी सात नाणी निघाली. कौले गळून त्यांवर चिखल बसला होता. त्यांत तीन शिवराया होत्या, तराजूचे चित्र असलेले कंपनी सरकारचे दोन पैसे होते आणि १९४३ ते १९४७ या काळात निघालेले दोन भोकाचे पैसे होते. या वेळी मी मास्तरांना विचारून हात लावला. ती रीत सांगते.

पहिले म्हणजे कोरडे नाणे पुसू नये. मातीच्या कणांनी चरे पडतात. काचेच्या वाटीत नाणे ठेवून ते बुडेल इतके डिस्टिल्ड वॉटर घालावे. बॅटरीत घालायचे म्हणून हे मिळते. मात्र बॅटरीचे ॲसिड चुकूनही आणू नये. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून ते नको. रोज पाणी बदलावे. पाणी गढूळ होईनासे झाले की ओल्या नाण्यावरची सुटलेली माती लाकडी दातकोरणीने हलकेच काढावी. सुई, तारेची घासणी किंवा सुरी लावू नये.

माती हटत नसेल तर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनमध्ये नाणे बुडवून ठेवावे. मला एका शिवराईला दोन महिने लागले. इथे घाई कामाची नाही. मग मऊ सुती कापडाने टिपून सावलीत पुरते वाळवावे.

पोपटी रंगाची भुकटी दिसली आणि काढली तरी पुन्हा आली, तर तो नाण्याचा रोग समजावा. मीठ आणि दमट हवा यांनी तो होतो आणि नाणे आतून पोखरत जाते. असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. घरी प्रयोग करू नयेत. गर्द हिरवा, घट्ट थर मात्र निरोगी असतो, त्याला हात लावू नये.

नाणे कडेला धरावे, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. ठेवताना कागदाच्या पुडीत वेगवेगळे ठेवावे, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नको. मुळात अक्षरे वाचता येत असतील तर काहीच करू नये, हे सर्वांत उत्तम. कलशात घालायला आजचा रुपया चालतो. देवीची काही तक्रार नाही, आमच्याकडे आता तोच घालतो.

सातांपैकी एका कंपनीच्या पैशावर पोपटी भुकटी होती, तो मी तसाच मास्तरांकडे दिला. बाकीची सहा नाणी सासूबाईंच्या ओंजळीत ठेवली. त्यांनी एकेक चाचपले. एका शिवराईवर अंगठा थांबला. "हा बघ श्री," म्हणाल्या, आणि लगेच, "हिला चिंच लावलीस तर बघ हं!"

पहिल्या शिवराईवरचा श्री काही परत आला नाही. ती मी जपून ठेवली आहे, आज इथे आणली आहे. भाषण संपल्यावर जरूर हातात घेऊन पाहा. आपापल्या घरची नाणीही पुढल्या सभेला आणा. मात्र आणण्यापूर्वी धुऊ नका, एवढेच हात जोडून सांगते आणि आपली रजा घेते.