नवा मोबाईल घेण्याआधी ब्राउझर बदलून पाहू

आम्ही हिवरा आश्रमच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

आमच्या मासिक बैठकीत एका सदस्येनं दहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "नवा मोबाईल घ्यायचाय. हा फार हळू झाला. लेकीच्या कॉलेजचा फॉर्म भरायला बसलं की चाक नुसतं फिरत राहतं." कारण खरं होतं. पण पेरणी तोंडावर, बियाण्याला पैसा लागणार. म्हणून आम्ही आधी तिचा मोबाईल पाहिला.

इंटरनेटवरची पानं ज्या अॅपमधून उघडतात, त्याला ब्राउझर म्हणतात. बहुतेक मोबाईलमध्ये क्रोम आधीपासून असतं, म्हणून आपल्याला वाटतं तेवढं एकच आहे. तसं नाही. फायरफॉक्स, ब्रेव्ह, ऑपेरा मिनी असे दुसरेही आहेत आणि ते फुकट मिळतात. फायरफॉक्स तर मराठीतही चालतं.

मग पान हळू का उघडतं? पानासोबत जाहिराती येतात, व्हिडिओ येतात, आपण काय पाहतो यावर नजर ठेवणारी यंत्रणाही येते. हे सगळं ओझं जुन्या मोबाईलला ओढावं लागतं. ब्रेव्ह जाहिराती अडवतं. फायरफॉक्स नजर ठेवणाऱ्या बऱ्याच गोष्टी अडवतं. ओझं कमी, तर पान लवकर.

आम्ही आधी साफसफाई केली. ब्राउझरमध्ये साठाच्या वर पानं उघडीच होती, ती बंद केली. नको ते व्हिडिओ काढून मेमरी मोकळी केली. प्ले स्टोअरमधून क्रोम अपडेट केलं. मग दुसरा ब्राउझर टाकला आणि एकाच जागी बसून, घड्याळ लावून, तीच पानं दोन्हीत उघडून पाहिली. बातम्यांचं पान नव्यात बरंच लवकर उघडलं. फॉर्मचं पान मात्र फारसं नाही, कारण त्यावर जाहिराती नव्हत्याच. तिथं अडचण रेंजची आणि गर्दीची होती. तो फॉर्म तिनं पहाटे पाचला उठून भरला.

आता जपायच्या गोष्टी ऐका. ब्राउझर प्ले स्टोअरमधूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून नको. यूसी ब्राउझरवर सरकारनं जून 2020 मध्ये बंदी घातली आहे, ते कुणी दिलं तरी टाकू नका. ऑपेरा मिनी कमी रेंजमध्ये कामाचं, कारण ते पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर दाबून लहान करतं आणि मग आपल्याकडं पाठवतं. म्हणूनच बँकेचं आणि आधारचं काम त्यात करू नका. जुना ब्राउझर लगेच बंद करू नका. त्यात साठवलेले पासवर्ड नव्यात आपोआप येत नाहीत. आणि ब्राउझर कोणताही असो, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

त्या सदस्येनं मोबाईलच्या कर्जाचा अर्ज मागं घेतला. पुढच्या बैठकीत तिनं सोयाबीनच्या बियाण्यासाठी कर्ज मागितलं, आणि गटानं ते दिलं.

तुमच्या गटातही कुणी मोबाईलसाठी कर्ज मागितलं, तर नाही म्हणू नका. आधी अर्धा तास तिच्याजवळ बसून तिचा मोबाईल पाहा.