पन्हाळ्यावरचे चार दिवस



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावेत असे ठरले, तेव्हा मी नाहीच म्हणत होते. माझी मजल सातवीपर्यंत. पण "दोघे मिळून पन्हाळ्याला कुठे गेला होतात?" असे गल्लीतल्या निम्म्या बायकांनी विचारले. म्हटले, सगळ्यांना एकदाच सांगून टाकावे.

आमचे हे मंडळीचे पाळक. आमच्यात देवळात एकत्र येणाऱ्या माणसांना मंडळी म्हणतात, आणि बाप्तिस्म्यापासून मयतीपर्यंत त्यांच्या सुखदुःखाला जो उभा राहतो तो पाळक. अशा सेवकांना अधूनमधून कामापासून दूर नेऊन शिबिर घेतात. तुम्ही सप्ताहाला बसता ना, तसेच काहीसे समजा. आजवर ह्यांना एकट्यालाच बोलावणे येई. यंदा पत्रात "सपत्नीक यावे" असे होते. वाचून मला आनंद नाही, धास्तीच वाटली. तिथल्या बाया शिकलेल्या असतील, आपण काय बोलणार? शिवाय सासूबाईंचे औषध, लेकीची परीक्षा. पण सासूबाईच म्हणाल्या, "जा गं. मी काही मरत नाही चार दिवसांत."

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. सहलीला गेले, दही खाऊन परत आले. मुक्काम मात्र कधी केला नव्हता. पोचल्याबरोबर सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत ठेवायला लावले. पुरुषमाणसांचे चेहरे बघण्यासारखे झाले! मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले, तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही बाहेर बसा, तुमचे काम तिकडे आहे." खरे सांगते, हात रिकामे ठेवून बसायचे मला जमेना.

पहिल्या दिवशी पुस्तकातल्या बायकांचीच गोष्ट निघाली. पौल प्रेषिताच्या पत्रात आहे की पेत्र आपल्या बायकोला बरोबर घेऊन फिरत असे. तिचे नाव मात्र कुठे लिहिलेले नाही. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे राहुट्या करून पोट भरी आणि दोघे मिळून शिकवी. त्यात पुष्कळ ठिकाणी प्रिस्किल्लेचे नाव आधी येते. मग मला आपले कोल्हापूर आठवले. 1852 साली वाइल्डर साहेब इथे आले, ते बायकोला घेऊनच आले. देवळाला नाव साहेबांचे आहे. बाईंचे नाव एलायझा, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई टिळकांवर बोलणे झाले. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचले असेल. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न सांगता. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे बाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला, पण मान खाली घालून मागून चालल्या नाहीत. रुसल्या, भांडल्या, हसल्या आणि बरोबरीने चालल्या. 1919 साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते बाईंनी पुढे नेले. ज्यांना शाळा मिळाली नव्हती त्यांनी! ऐकताना माझी सातवीची लाज थोडी कमी झाली.

तिसऱ्या दिवशी सांगितले, नवराबायकोने तासभर फिरून यावे आणि मनात दडवलेली एकेक गोष्ट एकमेकांना सांगावी. आम्ही दोघे तटावर जाऊन बसलो. कितीतरी वेळ कोणीच बोलेना. वीस वर्षांचा संसार, पण आमच्या घराचे दार कधी बंद नसते. ताटावर बसले की बेल वाजते. रात्री दोनला फोन येतो. बोलायला सवड कुठली?

शेवटी हे म्हणाले, "2021 च्या साथीत इतक्या मयती केल्या, तेव्हापासून मला स्वतःसाठी प्रार्थना करता येत नाही. लोकांसाठी तोंडाने करतो. घरी आलो की शब्दच सुचत नाहीत."

मला वाटत होते, हे माझ्यावर नाराज आहेत म्हणून गप्प असतात. बाई गं, इतकी वर्षे एका छताखाली राहून मला कळले नाही. मग मीही सांगितले, "अहो, बेल वाजली की मला राग येतो. देवाच्या कामाचा राग येतो म्हणून लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून आणखी हसून चहा करते." ह्यांनी मला उपदेश केला नाही. मीही त्यांना धीराचे चार शब्द सांगितले नाहीत. नुसते बसलो. खाली धुके उतरत होते. पण उठलो तेव्हा दोघांनाही हलके वाटले.

घरी आल्यावर ठरवले, सोमवारी संध्याकाळी सहा ते आठ फोन बंद, दार लोटलेले. कुणी आजारी असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याच सोमवारी एक गृहस्थ वर्गणीचा हिशेब घेऊन आले. मी दारातच सांगितले, "दादा, उद्या या." सांगताना पाय कापत होते. ते जरा रागावून गेले, पण दुसऱ्या दिवशी आले आणि चहा पिऊन गेले. आभाळ काही कोसळले नाही! तिसऱ्या सोमवारी जेवायला बसताना ह्यांनी स्वतःसाठी दोन वाक्यांची प्रार्थना केली. दोनच, पण मोठ्याने. माझा घास हातातच राहिला.

मैत्रिणींनो, हे पाळकाच्याच घरचे गाऱ्हाणे नाही. कुणाच्या नवऱ्याचे दुकान असेल, कुणाची रिक्षा, कुणाची ड्यूटी. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांना पुरा पडतो, तो घरी रिकामा होऊन येतो. आणि बायकोही दिवसभर पुरी पडून रिकामीच बसलेली असते. दोघेही समजतात की समोरचा रागावला आहे. पन्हाळ्याला जाता आले नाही तरी चालेल. रंकाळ्याच्या काठावर जा, गच्चीवर बसा. फोन घरी ठेवा आणि एकमेकांना एकच खरी गोष्ट सांगा.