लकवा आणि खानदानी वारसा

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)





घरातील वडीलधाऱ्याचा एक हात-पाय लुळा पडला, की कोणीतरी हमखास म्हणते, "यांच्या वडिलांनाही लकवा झाला होता. खानदानी आहे, आता काय व्हायचे!" आणि मग प्रयत्नच थांबतात. या म्हणण्यात तथ्य किती, ते पाहू.

सारखाच झटका आलेल्या दोघांपैकी एक सहा महिन्यांत चालू लागतो, दुसरा खाटेवरच राहतो. मेंदूचा किती भाग निकामी झाला, वय किती आणि उपचार कधी मिळाले, यांवर बरेचसे ठरते. थोडा वाटा जनुकांचाही असतो. बीडीएनएफ नावाचे प्रथिन मेंदूत नवे धागे जुळवायला मदत करते. काहींमध्ये त्याच्या मूळ साखळीत ६६ व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन येते व ते प्रथिन गरजेच्या वेळी कमी स्रवते. मात्र लकव्यानंतर याने किती फरक पडतो, याविषयी संशोधकांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. सीसीआर-५ हे प्रथिन म्हणजे एड्सच्या विषाणूचा पेशीत शिरण्याचा दरवाजा. काहींना तो जन्मतःच अर्धवट मिळतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, तेल अविवच्या रुग्णांपैकी असा वारसा असलेले लकव्यातून अधिक चांगले सावरलेले आढळले. हा दरवाजा बंद करणारे मॅराव्हिरॉक हे औषध एड्ससाठी २००७ पासून आहेच; म्हणून लकव्यासाठीही त्याच्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. पण हा वारसा मुख्यतः युरोपीय लोकांत आढळतो, आपल्याकडे क्वचितच. तेव्हा कोणी जनुकांची महागडी तपासणी सुचवली, तर खिशात हात घालू नका. तिच्यावरून आज उपचार बदलत नाहीत.

बदलते ते वेळेमुळे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. तोवर तोंडात पाणी घालू नका. मालिशवाल्याची वाट पाहण्यात किती घरांनी हे तास घालवले आहेत!

पुढे महिनोन्महिने सराव. विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे. रोज अर्धा तास आजोबांजवळ बसा. शर्टाची बटणे त्यांनाच लावू द्या, तसबीहचे मणी लुळ्या हाताने ओढू द्या. पहिल्या दिवशी एकच मणी सरकेल. तो मोजा.