आपल्या नावावर कोणाचं कर्ज?
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत ३१ वर्षे काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. म्हणून चिटणीसांनी मला इथे उभं केलंय. लांबवणार नाही, चहा आलाय हे मलाही दिसतंय.

'सिबिल बघितलंत का?' असं विचारलं की आपल्याकडे उत्तर येतं, 'हो, ७८० आहे.' म्हणजे फक्त स्कोअर, ३०० ते ९०० मधला आकडा. माझं म्हणणं, आकडा मागाहून बघा, आधी आतली पानं वाचा. तुमच्या पॅनवर कोणी परस्पर कर्ज उचललं, तरी हप्ता थकेपर्यंत स्कोअर फारसा हलत नाही.

आमच्या शाखेत एक तरुण जोडपं घरकर्जासाठी आलं होतं. पगार उत्तम, कागदपत्रं चोख. रिपोर्ट काढला, तर मुलाच्या नावावर कुठल्याशा मोबाइल ॲपचं ९,००० रुपयांचं थकीत कर्ज! त्याने ते ॲप कधी पाहिलंही नव्हतं. ती नोंद निघेपर्यंत सात आठवडे गेले आणि ठरवलेला फ्लॅट दुसऱ्याने घेतला. अभिनेते राजकुमार राव यांनीही २०२२ साली जाहीर तक्रार केली होती, की त्यांच्या पॅनवर कोणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलंय.

तर रिपोर्टमध्ये बघायचं काय? आपला नसलेला मोबाइल नंबर किंवा पत्ता. आपण न उघडलेलं खातं. आणि 'एन्क्वायरी' हा भाग, जो बहुतेक जण वाचतच नाहीत. कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला तुमची माहिती मागवली, ते तिथे असतं. कर्ज मिळण्याआधी नुसता प्रयत्न झाला असला, तरी तो इथे दिसू शकतो. आणि हो, स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर उतरत नाही. ती अफवा आहे.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ पासून प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. दर तीन महिन्यांनी एकीचा मागवा, वर्षभर पहारा राहतो. पैसे भरायच्या पॅकेजच्या जाहिराती आडव्या येतील, त्यांना बाजूला सारा.

खोटी नोंद दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडेही लेखी तक्रार करा. पोलिसांत जा, १९३० वर फोन करा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, तो भाग वेगळा.

'आम्हाला कुठे कर्ज घ्यायचंय?' असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. अहो, म्हणूनच तुमच्या नावावरची लबाडी वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही.

आता कमिटीला एक विनंती. ऑफिसच्या कपाटात जुन्या भाडेकरूंच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स पडून आहेत. लागत नसतील त्या फाडून टाका, रद्दीवाल्याला देऊ नका. आणि आपण झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. आधारचं काम शेवटच्या चार आकड्यांवर भागत असेल, तर बाकीचे झाकलेली प्रत द्यावी.

येत्या रविवारी १० ते १२ मी ऑफिसात बसतोय. मोबाइल, चष्मा आणि पॅन कार्ड घेऊन या. ओटीपी मात्र तुमचा तुम्हीच टाकायचा, मलाही सांगायचा नाही.