आपला बिलोली तालुका : नदी, सीमा आणि माणसं

(साहाय्यक मित्रांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला बिलोलीविषयी बोलायला सांगितलं आहे. काही महिन्यांपूर्वी एका मंडळीत उपासनेनंतर चहा घेताना एका काकांनी मला विचारलं, "बिलोलीत आदिवासी कुठून आले? तिथं तर जंगलच नाही." प्रश्न मनापासून होता आणि रास्तही होता. आपल्या कॅलेंडरवर आदिवासी म्हटलं की डोंगर, सागाची झाडं आणि मोहाची फुलं असतात. बिलोलीला काळी रानं आहेत, सोयाबीन, कापूस, ज्वारी, तूर आहे आणि उन्हाळ्यात डोळे दिपवणारं ऊन आहे. त्या काकांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी थोडा भूगोल आणि थोडा इतिहास ऐकून घ्यावा लागेल.

नांदेडहून निघालात की नायगाव लागतं, मग नरसी. नरसीला रस्ता फुटतो. एक देगलूरकडे जातो आणि दुसरा बिलोलीला. बिलोलीला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन धर्माबाद, जिथली लाल मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. आज धर्माबाद आणि नायगाव हे वेगळे तालुके आहेत. पूर्वी ते बिलोलीतच होते. त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी 'बिलोली तालुका' म्हणजे आजच्यापेक्षा बराच मोठा मुलूख असतो, हे लक्षात ठेवा.

बिलोली गाव सोडून पूर्वेला बोधनच्या रस्त्यानं गेलं की येसगी येतं आणि समोर मांजरा नदी. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणाचं सालूरा. ही मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूरमधून कर्नाटकात बिदरला जाते, तिथून तेलंगणात शिरते आणि मग उत्तरेकडे वळून आपल्या तालुक्याच्या कडेकडेनं येते. कुंडलवाडीच्या पुढे, तेलंगणातल्या कंदकुर्तीजवळ, ती गोदावरीला मिळते. म्हणजे मराठवाड्यातच जन्मलेली ही नदी तीन राज्यं फिरून पुन्हा मराठवाड्याच्या उंबऱ्याशी येते.

वाटेत तिचं पाणी अडतं. निजामाच्या काळात 1923 ते 1931 या वर्षांत तिच्यावर निजामसागर धरण झालं. त्याच्या कालव्यांवर पलीकडच्या बाजूला भात आणि ऊस पिकू लागला. बोधनला 1930 च्या दशकात निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. एके काळी तिचा मोठा बोलबाला होता. 2015 साली ती बंद पडली. नदीच्या अलीकडच्या आमच्या काठाला मात्र पाण्यापेक्षा वाळू जास्त आली. आज मांजरेच्या वाळूचे ट्रक किती लांब जातात ते तुम्ही रस्त्यावर पाहिलंच असेल.

गोदावरीचीही तीच कथा. खाली तेलंगणात श्रीरामसागर धरण आहे आणि त्याचा फुगवटा आपल्या हद्दीपर्यंत येतो. धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा झाला तेव्हा दोन राज्यांत वाद पेटला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2013 साली निकाल लागला. बंधारा राहिला, पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, अशी अट आहे. म्हणजे ऐन पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा पाणी अडवता येत नाही. नद्या दोन, आणि दोन्हींच्या पाण्यावर आमच्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहिलेलं. बिलोलीचा भूगोल थोडक्यात सांगायचा तर असा आहे.

आता इतिहास. फार मागे जात नाही. प्राचीन काळच्या सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेला एकच होतं, अश्मक. ते याच गोदाकाठी होतं आणि त्याची राजधानी म्हणजे आजचं बोधन, असं अनेक अभ्यासक मानतात. बिलोली गावात मोगल काळातली सुंदर दगडी मशीद आहे. औरंगजेबाच्या सैन्यातले अधिकारी सरफराजखान यांच्या नावानं ती ओळखली जाते. कधी आलात तर ती जरूर पाहा.

आपल्या कामाशी ज्याचा संबंध आहे तो इतिहास मात्र अलीकडचा आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा नांदेड, निजामाबाद, आदिलाबाद हे एकाच राज्याचे जिल्हे होते. घरात मराठी किंवा तेलुगू आणि कचेरीत उर्दू, असा व्यवहार होता. येसगीच्या पलीकडे मुलगी देणं म्हणजे शेजारच्या गावात देणं, एवढंच.

मग 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यं झाली आणि नकाशावर रेघ ओढली गेली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्राकडे गेली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळंही गेली. धर्माबादचा भाग इकडे राहिला आणि बिलोलीला जोडला गेला. उलट आदिलाबादमधला किनवट तालुका नांदेडला आला. आज आपण 'नांदेडचा आदिवासी भाग' म्हणून ज्या किनवटकडे बोट दाखवतो, जिथं गोंड, कोलाम, परधान, आंध बांधव राहतात, तो या जिल्ह्यात आला तो असा. आधी मुंबई राज्य आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र.

रेघ भाषेवर ओढली होती, पण माणसं भाषेप्रमाणे वेगवेगळी उभी नव्हती. बिलोली, धर्माबाद, देगलूर भागात आजही घरोघरी तेलुगू बोलली जाते. मुलगा आईशी तेलुगूत बोलतो, गुरुजींशी मराठीत आणि बाजारात हिंदीत. शेजारच्या राज्यात शेतकऱ्यांना चांगल्या सवलती मिळतात म्हणून 2019 साली सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हाला तेलंगणात घ्या' अशी मागणीही केली होती.

आणि इथे त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर येतं. या भागात मन्नेरवारलू समाज राहतो. तेलुगूत 'मन्ने' म्हणजे डोंगराचा, रानाचा मुलूख आणि 'वारलू' म्हणजे तिथली माणसं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोलाम' आणि 'मन्नेरवारलू' ही नावं एकाच नोंदीत शेजारीशेजारी आहेत. नावात रान आहे. पायाखाली मात्र दुसऱ्याची काळी जमीन आहे. बरेच जण मजुरी करतात, काही थोडकी शेती करतात. डोंगर नाही, पाडा नाही, वेगळा पोशाख नाही. म्हणून बाहेरच्या माणसाला ते दिसतच नाहीत.

रेघेनं काय होतं त्याचं आणखी एक उदाहरण देतो. आपल्या तांड्यांवरचे बंजारा बांधव महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. तेच लंबाडा म्हणून पलीकडे, 1976 च्या कायद्यानं, अनुसूचित जमातीत आहेत. सख्ख्या बहिणी येसगीच्या अलीकडे आणि पलीकडे दिल्या असतील तर एकीची मुलं आदिवासी ठरतात, दुसरीची ठरत नाहीत. कोण बरोबर, कोण चूक, हे मी सांगत नाही. यादी माणसांपाठोपाठ चालत नाही, ती रेघेपाशी थांबते, एवढंच दाखवतो आहे.

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. तिचं नाव सांगत नाही. ती बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातली, वडील सालगडी. बारावीला चांगले गुण मिळाले आणि नर्सिंगला नंबर लागला. जातीचा दाखला होता, पण पडताळणी झालेली नव्हती. आणि पडताळणीत वजन असतं ते 1950 च्या आधीच्या कागदाला. ज्यांच्या घरात शाळेत जाणारी ती पहिलीच, त्यांनी आजोबा-पणजोबांचा कागद आणायचा कुठून?

बरंच हिंडल्यावर पणजोबांच्या नावाचा एक जुना उतारा मिळाला. सगळे आनंदले. पण तो उर्दूत. घरात कुणाला वाचता येईना, मलाही येत नाही. मशिदीजवळ एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "साहेब, नाव बरोबर आहे. पण जातीच्या जागी जे लिहिलंय ते 'मन्नेरवार'ही वाचता येतं आणि 'मुन्नेरवार'ही. आमच्या लिपीत जबर-पेश सहसा लिहीत नाहीत."

मी पाहतच राहिलो. आपल्या देवनागरीत 'म' आणि 'मु' यांत उकार असतो. उर्दू लिखाणात तो बहुतेक वेळा सोडून देतात, वाचणाऱ्यानं तो समजून घ्यायचा असतो. तलाठ्यानं त्या काळी लिहिलं तेव्हा गावातल्या सगळ्यांना कळत होतं. सत्तर वर्षांनी मात्र या भागात मिळत्याजुळत्या नावांच्या इतर जातीही आहेत, ज्या अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. खोटे दाखले काढणारेही होऊन गेले, हेही खरं आहे, आणि म्हणून तपासणारा संशयानं पाहतो. पण त्या संशयाचा भार पडतो तो सालगड्याच्या मुलीवर. एका न लिहिलेल्या उकारावर तिचं कॉलेज अडलं.

त्यांना पुढं असंही सांगितलं गेलं की तुमच्या चालीरीती आदिवासींसारख्या वाटत नाहीत. देवकार्य कसं करता, लग्नात काय गाता, असं विचारतात. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. शहराजवळ राहून, शिकून, चालीरीती बदलतात, हे न्यायालयानं मानलं. हा निकाल त्या वडिलांना ठाऊक नव्हता. खरं सांगतो, मलाही तेव्हा ठाऊक नव्हता. आता आम्ही त्याची प्रत जवळ ठेवतो.

त्या मुलीचं काय झालं? ते वर्ष गेलं. पुढं त्याच शिक्षकांच्या मदतीनं तिच्या चुलत घराण्यातला आणखी एक कागद सापडला. त्यात नाव पूर्ण 'वारलू'सकट लिहिलेलं होतं. अर्ज पुन्हा केला आहे. निर्णय अजून यायचा आहे. तोवर ती गावातल्या लहान मुलांची शिकवणी घेते.

बंधू-भगिनींनो, आपण वह्या देतो, गणवेश देतो, वसतिगृहाला धान्य देतो. ते द्यायलाच हवं. पण बिलोलीत मी एक गोष्ट शिकलो. इथे भुकेइतकीच मोठी अडचण कागदाची आहे आणि तो कागद समजायला या जागेचा इतिहास समजावा लागतो. निजामाची कचेरी उर्दूत का चालत होती, 1956 ला कोणतं मंडळ कुठे गेलं, मुधोळचं जुनं दप्तर कुणाकडे असेल, हे ज्याला माहीत आहे तोच त्या मुलीच्या वडिलांना योग्य दारापर्यंत नेऊ शकतो.

शिक्षणाचं काम या तालुक्यात इतरांनीही केलं आहे, हे सांगितलंच पाहिजे. सगरोळीला बाबासाहेब देशमुखांनी 1959 साली संस्कृती संवर्धन मंडळ सुरू केलं. सीमेवरच्या एका खेड्यात त्यांनी शाळा उभी केली आणि आज तिथं कृषी विज्ञान केंद्रही आहे. एका जागी पाय रोवून राहिलं की काय होतं, ते तिथं जाऊन पाहता येतं.

माझी विनंती छोटी आहे. तुमच्यापैकी कुणाला जुनी उर्दू किंवा मोडी वाचता येत असेल, कुणी महसूल खात्यातून निवृत्त झालं असेल, कुणी वकील असेल, तर वर्षातले चार दिवस आम्हाला द्या. मुलांची दहावी झाली की लगेच कागद शोधायला लागू या, बारावीच्या निकालाची वाट पाहायला नको.

आणि एकदा बिलोलीला या. संध्याकाळी येसगीच्या पुलावर उभे राहा. डोक्यावर भारे घेऊन बाया येताना दिसतील, आपसात तेलुगूत बोलत. तुम्ही मराठीत विचारा, त्या मराठीत उत्तर देतील. मग ते काका मला भेटले तर मला उत्तर द्यावं लागणार नाही, तुम्हीच द्याल.

प्रभू त्या लेकरांची वाट सोपी करो.