शिवणीतली माया

मी मालेगावचा. आमच्या गावात ‘सायझिंग’ म्हटले की कपड्याचे माप कुणाच्या डोक्यात येत नाही. सुताला खळ पाजणे येते. खळ पाजलेला उभा धागा, म्हणजे ताणा, मागावर चांगला ताणून बसवतात. कापड विणून, धुऊन, इस्त्री होऊन दुकानात आले तरी त्या ताणाचा काही अंश धाग्यात उरतो. सुती झबले पहिल्यांदा पाण्यात पडले की धागा सैल होतो, आखडतो आणि आपण म्हणतो, कापड आटले. दरवेळी त्यात दुकानदाराची लबाडी असतेच असे नाही. शिंप्याकडे न्यायचे कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतायला द्यावे. तयार कपडा लांबीला बोटभर जास्त घ्यावा.

बोटभरच. पुढच्या ईदला नाहीतर दिवाळीलाही चालेल म्हणून पोराला थोरल्या भावाच्या मापाचा सदरा घालणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. जन्मताना साधारण 50 सेंटिमीटरचे बाळ वर्षात 75 सेंटिमीटरच्या आसपास जाते. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम 12 सेंटिमीटर वाढते आणि पुढे शाळेच्या वयात वर्षाला 5-6. म्हणजे तान्ह्याचे कपडे थोडेच घ्यावेत आणि पाच वर्षांच्या मुलाला दोन मापे मोठा कपडा घेण्याचे कारण नाही. लेबलवरचे महिने कंपनीगणिक बदलतात. अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा बरोबर न्यावा, नव्यावर पसरून पाहावा. खांदा आणि गळा बेताचा हवा. वाढ लांबीत धरावी. शिवणीत आणि खालच्या दुमडीत राखलेल्या जादा कापडाला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. इतका नेमका शब्द मला कवितेत क्वचितच सापडला. मूल वाढले की ती उसवायची.

नवा कपडा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नये. खळ, सुटा रंग, रसायने त्यात असतात. साबण मात्र पुरता निघाला पाहिजे. लोकरीचे टोपडे गरम पाण्यात चोळले की तिच्या केसावरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि टोपडे बाहुलीच्या मापाचे होते. ते थंड पाण्यात नुसते दाबावे, दोरीवर न टांगता आडवे वाळवावे.

आता पेटीविषयी. आमच्या नात्यातल्या एका तान्ह्याची कावीळ एकाएकी वाढली, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारले, याचे कपडे कशात ठेवले होते? डांबरगोळ्यांत. थोरल्या मुलाची झबली, दुपटी तीन वर्षे जपून ठेवलेली. या गोळ्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. नॅप्थलीनच्या वाफेने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ चढते, ती मेंदूपर्यंतही पोहोचू शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे बघून कळत नाही. ते बाळ वाचले, आता शाळेत जाते.

बाळंतविड्यात कुणी जुने दुपटे दिले तर ते हुंगून पाहावे. डांबरगोळीचा वास आला तर बाळाजवळ नेऊच नये, देणारी सख्खी मावशी असली तरी. आपले कपडे ठेवताना स्वच्छ धुऊन, कडक वाळवून, धुतलेल्या मलमलीत बांधावेत. कसर लागते ती लोकरीला, त्यातही मळकट, घामट लोकरीला आधी.